बाहेरच्या केसिंगमधला एसएसडी कॉपी करताना मधेच गायब होतो. ड्राइव्ह गेला का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: जुन्या लॅपटॉपमधला १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी (मदरबोर्डवर बसणारी, पट्टीसारखी वेगवान डिस्क) तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या यूएसबी केसिंगमध्ये टाकला. विंडोज ११ च्या लॅपटॉपला लावला की दिसतो, छोट्या फाइली नीट उघडतात, पण पाच-सहा जीबी कॉपी झाले की ड्राइव्ह नाहीसा होतो. केबल काढून परत लावली की येतो. एकदा तर ‘फॉरमॅट करा’ असं म्हणाला. आणि दुकानदाराने ‘एसएसडी गेलाय, नवीन घ्या’ असं सांगून टाकलं.

मी फोटोग्राफर आणि व्हिडिओवाल्यांचा डेटा सांभाळायचं काम करतो, त्यामुळे असे ड्राइव्ह सतत हातात येतात. हेच लक्षण घेऊन आलेल्यांपैकी बहुतेकांचा एसएसडी शाबूत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा हा प्रकार आहे. लॅपटॉपच्या आत नीट चालणारा ड्राइव्ह बाहेर काढल्यावर बिघडला असेल, तर आधी बाहेर काढल्याने काय काय बदललं ते बघायला हवं.

पण त्याआधी डेटा. फॉरमॅटला ‘हो’ म्हणू नका. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन, तेही आत्ता चालवू नका. दुरुस्ती करताना ते ड्राइव्हवर लिहितं, आणि लिहिता लिहिता ड्राइव्ह परत गायब झाला की आत्ता जेवढं वाचता येतंय तेवढंही अवघड होऊन बसतं. ‘फॉरमॅट करा’ असं आलं म्हणजे डेटा पुसला गेला असंही नाही. फाइल लिहिली जात असताना जोडणी तुटली, की फाइल सिस्टिमची, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे त्या मांडणीची, नोंद अर्धवट राहते. एक्सफॅट प्रकारच्या फाइल सिस्टिमला जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसल्याने तिला हे जास्त बाधतं, एनटीएफएस प्रकारची त्यातल्या त्यात सावरून घेते.

डेटा काढायची एक सोपी युक्ती आहे. फोनच्या चार्जरबरोबर येते ना, ती दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल घ्या आणि त्या केबलने केसिंग लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावा. या केबलींमध्ये बहुतेक वेळा डेटासाठी फक्त यूएसबी २ च्या तारा असतात. एरवी आपण त्यांना नावं ठेवतो, पण इथे त्या कामाला येतात. वेग सेकंदाला ३५-४० एमबीवर येतो, त्यामुळे ड्राइव्ह कमी करंट ओढतो, कमी तापतो, आणि वेगवान तारांवरचा सिग्नल बिघडण्याचा प्रश्नच उरत नाही. पोर्टमधून मिळणारी पॉवर मात्र टाइप-सीचीच राहते. ड्राइव्ह भरलेला असेल तर सात-आठ तास लागतील. रात्री लावून झोपा. लॅपटॉप चार्जरवर ठेवा आणि स्लीप बंद करा. माउसने ओढून कॉपी करण्यापेक्षा विंडोजमधलं रोबोकॉपी (आज्ञा टाइप करून चालवायचं कॉपीचं साधन) वापरा, म्हणजे मधेच तुटलं तरी पुढच्या वेळी झालेल्या फाइली सोडून ते पुढे जातं. फक्त त्यातली रिट्रायची, म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याची, संख्या कमी करा. मुळात ती दहा लाख आहे, आणि दर प्रयत्नामध्ये तीस सेकंद थांबणं. एका अडलेल्या फाइलपाशी ते जन्मभर बसून राहील.

ही रात्र निर्विघ्न पार पडली, तर एक निदानही आपोआप झालं. सावकाश चालवल्यावर जो ड्राइव्ह सगळ्या फाइली बिनतक्रार वाचून देतो, त्याच्या मेमरी चिप गेल्या असण्याची शक्यता फार कमी.

आता बदललं काय ते बघू. लॅपटॉपच्या आत एसएसडीला मदरबोर्डवरून थेट ३.३ व्होल्ट मिळत होते आणि तो थेट पीसीआय एक्सप्रेसवर (मदरबोर्डवरच्या वेगवान जोडणीवर) बोलत होता. आता मधे एक केबल आली, यूएसबी आणि एसएसडी यांच्यात दुभाषाचं काम करणारी एक ब्रिज चिप आली आणि ५ व्होल्टचे ३.३ करणारा एक छोटा कन्व्हर्टर आला. एसएसडीवरचं स्टिकर वाचा. त्यावर ‘३.३ व्होल्ट, २.५ अँपिअर’ असं काहीतरी छापलेलं असतं. गुणाकार केला तर सव्वाआठ वॅट होतात. हा कमाल आकडा आहे, ड्राइव्ह सतत एवढं खात नाही. पण यूएसबी ३ चा नेहमीचा चौकोनी, म्हणजे टाइप-ए पोर्ट द्यायला बांधील असतो फक्त ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. त्यातच ब्रिज चिपचा वाटा आणि कन्व्हर्टरमधली घट. छोटी फाइल उघडताना हे भागून जातं. मोठी कॉपी सुरू झाली, ड्राइव्ह पूर्ण जोरात लिहायला लागला, की व्होल्टेज खाली बसतं आणि ब्रिज चिप रीसेट होते. विंडोजच्या दृष्टीने कुणीतरी केबल उपटली. ‘पाच-सहा जीबीनंतर जातो’ हे तुमचं वाक्य वाचून माझ्या डोक्यात पहिला संशय आला तो हाच.

म्हणून केसिंग टाइप-ए पोर्टला लावत असाल तर टाइप-सीला लावून बघा, तिथे पॉवर साधारणपणे जास्त मिळते. केबल अर्ध्या मीटरपेक्षा लहान आणि नीट वेग छापलेली घ्या. बिनपॉवरचा हब मधे असेल तर तो काढा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावू नका, आतून जाणारी ती वायर बऱ्याचदा लांब आणि सुमार असते. मागचे पोर्ट मदरबोर्डवरच असतात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी तीच मोठी फाइल कॉपी करा. सगळं एकदम बदललंत तर चालू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही.

जाता जाता: ड्राइव्ह चालू असताना तुमचा वायरलेस माउस अडखळतो का किंवा वायफाय मंदावतं का? यूएसबी ३ च्या तारांतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. माउस अडखळत असेल तर केबलचं शील्डिंग, म्हणजे गोंगाट अडवणारं आवरण, यथातथाच असू शकतं.

दुसरा संशयित उष्णता. केसिंग उघडा. एसएसडी आणि ॲल्युमिनियमचं झाकण यांच्यामध्ये एक मऊ थर्मल पॅड असायला हवा. त्या पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते, ती काढून मग पॅड लावायचा असतो. फिल्मसकट लावलेले पॅड मी इतक्यांदा पाहिलेत की आता केसिंग उघडलं की आधी नखाने पॅडची कड खरवडून बघतो. त्याचबरोबर एसएसडीचं टोक धरणारा स्क्रू किंवा रबरी बुच बघा. ते सैल असेल तर कार्ड कणभर वर उचललं जातं आणि कनेक्टरमधले संपर्क अर्धवट बसतात. मग केबलला नुसता हात लागला तरी ड्राइव्ह जातो.

लोक म्हणतात, केसिंग हाताला चटका बसेल इतकं तापतं, म्हणून घाबरलो. खरं तर केसिंग गरम होणं बरं, उष्णता बाहेर येतेय. केसिंग गार आणि आत ड्राइव्ह ७५ अंशांवर, ही खरी काळजीची गोष्ट. घरगुती वापराचे एसएसडी साधारण ७० अंशांपर्यंत चालवायचे म्हणून विकले जातात. त्यापुढे ते स्वतःच वेग कमी करतात, गायब सहसा होत नाहीत. पण शेजारची ब्रिज चिपही त्याच डबीत शिजत असते, आणि तिने मान टाकली की सगळंच जातं. कॉपी चालू असताना क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान बघा, आणि टेबल फॅनसमोर ठेवून तीच कॉपी पुन्हा करा. पंख्यासमोर टिकला तर प्रश्न मिटला.

आता पुरावा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ लॉग उघडा आणि ड्राइव्ह गेला त्या मिनिटाच्या आसपासच्या ओळी बघा. १५७ क्रमांक म्हणजे डिस्क अचानक काढली गेली. १२९ म्हणजे उत्तर येईना म्हणून विंडोजने रीसेट पाठवला. १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करून बघावं लागलं. हे तिन्ही पॉवर, केबल, ब्रिज यांच्याकडे बोट दाखवतात, पण आडकलेला ड्राइव्हही १२९ आणि १५३ देऊ शकतो, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. ७ क्रमांक, ‘बॅड ब्लॉक’, आला तर मात्र ड्राइव्हवरच संशय घ्या, विशेषतः दर वेळी त्याच फाइलपाशी अडत असेल तर.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आणखी दोन आकडे बघायचे: पॉवर सायकल (ड्राइव्हला किती वेळा वीज मिळाली) आणि अनसेफ शटडाउन (किती वेळा ती अचानक गेली). ते लिहून ठेवा आणि कॉपी लावा. ड्राइव्ह गायब होऊन आपला आपण परत आला, तुम्ही केबलला हातही लावला नाही, आणि तरी दोन्ही आकडे एकाने वाढले, तर ड्राइव्हची वीजच गेली होती. आकडे तिथेच असतील तर वीज होती, बोलणं तुटलं. म्हणजे केबल, ब्रिज किंवा ड्रायव्हर. केबल काढून परत लावलीत तर तुमच्या काढण्यानेही एक वाढतो, तो वजा करा. हा ठोकताळा आहे, पण मला तो फार उपयोगी पडलाय. त्याच पानावर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’, म्हणजे उरलेली राखीव जागा, शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर दुकानदाराचं म्हणणं तूर्त बाजूला ठेवा. तुमचा ड्राइव्ह साटाचा, म्हणजे जुन्या प्रकारच्या जोडणीचा, असता तर सी७ क्रमांकाची, सीआरसी एररची (वाटेत डेटा बिघडल्याची) ओळ बघायला सांगितली असती.

वीज होती आणि बोलणं तुटलं, असं निघालं तर ब्रिज चिपकडे वळा. या केसिंगमध्ये बहुतेक वेळा जेमायक्रॉन, एएसमीडिया किंवा रियलटेक यांपैकी कुणाची तरी चिप असते, वरचं नाव कुठलंही असो. यूएएस नावाच्या वेगवान पद्धतीत एका वेळी अनेक आज्ञा पाठवल्या जातात, आणि चिप आणि फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) यांच्या काही जोड्या त्यात गोंधळतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर बदलून साधा ‘यूएसबी मास स्टोरेज’ निवडता येतो. वेग थोडा घटतो, पण ड्राइव्ह टिकला तर दोष कुठे आहे ते कळलं. केसिंगच्या कंपनीच्या साइटवर फर्मवेअर अपडेट असेल तर डेटा काढून झाल्यावर ते करा, आधी नको. ड्राइव्ह रिकामा बसलेला असताना जात असेल, तर मात्र चिपच्या मागे लागण्याआधी पॉवर ऑप्शन्समधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ (वापरात नसलेलं यूएसबी उपकरण झोपवण्याची सोय) बंद करून बघा.

हा प्रश्न वाचणाऱ्यांत रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) वापरणारे असतातच. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर सगळ्यांना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात. तिथे एनव्हीएमई केसिंगला पॉवर असलेला हब लावा, बाकीचं डोकं नंतर लावा.

एका गोष्टीने गोंधळू नका. कॉपी सेकंदाला ९०० एमबीने सुरू होऊन काही वेळाने १०० वर येणं हा बिघाड नाही. स्वस्त एसएसडीमध्ये थोडा भाग झटपट लिहिण्यासाठी राखलेला असतो, तो भरला की खरा वेग दिसतो. शिवाय ज्या ड्राइव्हला स्वतःची डीरॅम (जलद तात्पुरती मेमरी) नसते, तो लॅपटॉपच्या आत असताना कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेऊ शकतो. यूएसबीवरून ती सोय मिळत नाही. मंद होणं वेगळं, नाहीसं होणं वेगळं.

एवढं करूनही निर्णय होईना, तर ड्राइव्ह परत एखाद्या कॉम्प्युटरच्या आतल्या एम.२ स्लॉटमध्ये (असे एसएसडी बसतात त्या खाचेत) बसवा. तिथेही गायब झाला, किंवा शून्य आकाराचा दिसायला लागला, किंवा लिहूच देईना, तर दुकानदार बरोबर होता. वॉरंटी तपासा, बहुतेक एसएसडींना तीन ते पाच वर्षांची असते. तिथे तो तासभर व्यवस्थित चालला, तर केसिंग परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करून टाका आणि दुसरं, शक्यतो वेगळ्या चिपचं घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेत असाल तर डबीवर चिपचं नाव लिहिलंय का ते विचारा. ते सांगता येत नसेल तर पुढचं दुकान.

तुमची केबल दोन्हीकडे टाइप-सी आहे की एका बाजूला टाइप-ए, हे प्रश्नात नाही. ते, आणि इव्हेंट व्ह्यूअरमधला क्रमांक, खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.