निर्वासित आणि स्थलांतरित मुलांना फोटोग्राफी शिकवायला मदत करायची आहे. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही परदेशात राहता, हौशी फोटोग्राफर आहात आणि तिथल्या एका संस्थेने तुम्हाला दर शनिवारी निर्वासित मुलांच्या वर्गात मदतीला बोलावलंय. तुम्ही दहा आठवड्यांचा अभ्यासक्रमही आखून ठेवलाय: ॲपर्चर, शटर, आयएसओ, रूल ऑफ थर्ड्स. तो आखलात हे चांगलंच, पण पहिल्या दिवशी घरीच ठेवून जा. मी नेला होता. दुसऱ्या शनिवारी गुंडाळला.

मी ओहायोत कोलंबसला राहतो, नोकरी आयटीतली. 2013 ते 2018 अशी पाच वर्षं मी शनिवारी सकाळी अशा एका वर्गात मदत करत होतो. अमेरिकेतल्या मोठ्या सोमाली वस्त्यांमध्ये मिनियापोलिसनंतर कोलंबसचं नाव येतं. शिवाय भूतानमधून बाहेर पडावं लागलेले नेपाळीभाषक ल्होत्साम्पा लोकही इथे हजारोंनी आहेत. 1990 च्या आसपास त्यांची दक्षिण भूतानमधली घरं सुटली. एक लाखाहून जास्त माणसं पूर्व नेपाळमध्ये झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांत राहिली. 2008 पासून अमेरिकेने त्यांना घ्यायला सुरुवात केली. म्हणजे माझ्या वर्गातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी भूतान पाहिलेलाच नव्हता. त्यांचा जन्म छावणीतला. सोमाली मुलांपैकी काहींचंही तसंच, केनियातल्या दादाब छावणीत जन्मलेली. आता अशा मुलांना मी पहिला गृहपाठ काय दिला असेल? ‘तुमचा देश आठवेल असा एक फोटो काढून आणा.’ अकरापैकी सात जणांनी काही आणलंच नाही. एकाने घराजवळच्या दुकानातल्या फुटबॉलचा फोटो आणला, तोही हललेला.

तर सुरुवात कुठून? कागदापासून. गंमत करत नाही. पहिल्याच दिवशी एका मुलाने कॅमेरा हातात घेऊन विचारलं, “हा फोटो माझा राहणार का?” मी म्हटलं, अर्थात. घरी जाऊन संस्थेने पालकांकडून सही करून घेतलेला फॉर्म वाचला. त्यात संस्थेला प्रत्येक फोटो कुठेही, कधीही, कशासाठीही वापरायची परवानगी होती. फॉर्म इंग्रजीत, सह्या करणारे आईवडील बहुतेक इंग्रजी न वाचणारे. अमेरिकेच्या कायद्यात ज्याने फोटो काढला त्याचा त्याच्यावर हक्क, मग तो अल्पवयीन असला तरी. फॉर्मने तो हक्क काढून घेतला नव्हता, पण नावापुरताच उरवला होता. तो बदलून घ्यायला आम्हाला चार महिने लागले: नेपाळी आणि सोमाली भाषांतर, प्रदर्शनासाठी वेगळी खूण, देणगीच्या पत्रकांसाठी वेगळी, इंटरनेटसाठी वेगळी, आणि नंतर मन बदललं तर फोटो मागे घ्यायची सोय. तुमच्या संस्थेचा फॉर्म मागून घ्या आणि वाचा. त्यांना राग आला तरी वाचा.

आता कॅमेऱ्याकडे. आमच्याकडे लोकांनी दिलेले जुने छोटे डिजिटल कॅमेरे होते, आठ. नंतर सगळ्यांकडे फोन आले, तरी मी कॅमेरेच वापरले. मागच्या पडद्यावर काळी चिकटपट्टी लावायची आणि एका शनिवारी फक्त 24 फोटो. जुन्या रिळाची शिस्त. पहिल्या दिवशी शिव्या बसतात. तिसऱ्या शनिवारी पोरं फोटो काढण्याआधी दोन पावलं पुढे जायला लागतात, तेही न सांगता. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे प्रिंट काढून जमिनीवर पसरायचे आणि प्रत्येकाने आपले तीन निवडायचे. निवडताना आपण तोंड बंद ठेवायचं. हे मला सगळ्यात जड गेलं.

तांत्रिक गोष्टींत एकच धडा मी न चुकता देत असे, आणि तो पुस्तकांत क्वचित नीट सापडतो. कोलंबसला पहिला बर्फ पडला की मुली बाहेर पळायच्या आणि एकमेकींचे फोटो काढायच्या. फोटोत बर्फ मळकट करडा आणि सोमाली मुलींचे चेहरे काळेकुट्ट, नाकडोळे गायब. एक मुलगी आपला फोटो पाहून म्हणाली, “मी अशी दिसते?” हा दोष तिचा नाही, कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा. समोर जे काही आहे त्याची सरासरी मधला करडा आहे असं धरूनच तो मोजतो. पांढरंशुभ्र मैदान दिसलं की प्रकाश कमी करतो, आणि आधीच सावळा असलेला चेहरा त्यात बुडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, +1 किंवा त्याहून थोडं वर न्या, नाहीतर स्पॉट मीटर, म्हणजे एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारा मीटर, गालावर धरा. मग मी त्यांना कोडॅकच्या शर्ली कार्डची गोष्ट सांगायचो. कित्येक वर्षं फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा नमुना-फोटो असायचा. तिची कातडी बरोबर आली की प्रिंट बरोबर. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं यायला 1990 चं दशक उजाडलं. हे ऐकल्यावर त्याच मुलीने कॅमेरा परत मागून घेतला आणि मैत्रिणीला सूर्याकडे तोंड करून उभं केलं. उजेड असा आपल्या हाताने कमीजास्त करण्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. हे शब्द मी फळ्यावर कधीच लिहिले नाहीत, आणि ते तिथल्या प्रत्येकाला येत होतं.

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला खटकलं, ते स्पष्टच सांगतो: ‘त्यांच्या वेदना जगासमोर याव्यात’. कुणाला हव्यात? 2013 मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने इथे आलेल्या भूतानी निर्वासितांमधल्या आत्महत्यांवर स्वतंत्र अहवाल काढला होता, इतकं ते गंभीर होतं. त्यातल्या एखाद्या घरातलं मूल तुमच्या वर्गात असू शकतं. मी आयटीवाला माणूस, समुपदेशक नाही. मुलाने आपणहून काही सांगितलं तर ऐका, आणि गंभीर असेल तर संस्थेतल्या जाणकार माणसाला सांगा. पण खोदू नका. देणगीदारांना रडवेले चेहरे आवडतात, हे खरं आहे. मुलांना मात्र बुटांचे, गाड्यांचे, मेंदी काढलेल्या हातांचे फोटो काढायचे असतात. काढू द्या. गावातल्या लोकांच्याच हाती कॅमेरा द्यायचा ही रीत कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी 1990 च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतात खेड्यातल्या बायकांबरोबर वापरली, आणि आज फोटोव्हॉइस या नावाने ती जगभर चालते. त्यातही काय टिपायचं हे त्या बायकाच ठरवत होत्या. फुटबॉलवाल्या मुलाला मी हललेल्या फोटोबद्दल बोललो होतो, त्याची मला अजून लाज वाटते.

आणि माझी सगळ्यात मोठी चूक. पहिलं प्रदर्शन वाचनालयात लावलं. एका मुलीने आपल्या आजीचा फोटो काढला होता: आजी सोफ्यावर झोपलीय, पायात दोन वेगवेगळे मोजे, खिडकीतून तिरपा उजेड. अप्रतिम. मी तो मोठा करून दारासमोरच लावला. नातीची परवानगी होती, फॉर्मवर खूणही होती. आजी गुन्यू-चोलो हा नेपाळी पोशाख नेसून, कपाळाला टिकली लावून नटून आली, आणि दारातच थबकली. “मलाई नसोधी?” मला न विचारता? नेपाळी न येणाऱ्या मलाही ते कळलं. फोटो त्याच क्षणी उतरवला. नातीने तिला तिथेच खुर्चीवर बसवून नवा काढला, ताठ पाठीचा, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा. फोटो म्हणून तो पहिल्याच्या जवळपासही नाही. पुढच्या प्रदर्शनात लागला तो हाच. तेव्हापासून आमचा नियम: फोटोतल्या माणसाला आधी प्रिंट दाखवायचा, मगच भिंत.

मराठी असण्याचा एक फायदा मात्र अचानक मिळाला. एका अबोल मुलाने खिळ्याला टांगलेल्या ढाका टोपीचा, म्हणजे नेपाळी पुरुषांच्या टोपीचा, फोटो आणला. मी म्हटलं, खाली काहीही लिही, कुठल्याही भाषेत. छावणीच्या शाळेत शिकला होता, त्याने नेपाळीत लिहिलं आणि कागद पालथा ठेवला. इथे कोण वाचणार म्हणून. मी उलटा केला आणि अडखळत वाचला: ‘बुबा राति काममा जानुहुन्छ, टोपी घरमै बस्छ।’ वडील रात्री कामाला जातात, टोपी घरीच बसते. वडील एका गोदामात रात्रपाळी करायचे, तिथे डोक्यावर हेल्मेट. मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. मराठीचीही हीच अक्षरं, हे सांगितल्यावर पुढच्या शनिवारपासून मी ‘सर’चा ‘काका’ झालो. नेपाळीतही काका म्हणजे काकाच.

बाकीचं भराभर. बोटांचे ठसे आणि पोलीस पडताळणी मागतील, कुरकुर न करता द्या. कुणाची कागदपत्रं कुठल्या टप्प्यावर आहेत हे कधीही विचारू नका. काहींचे आश्रयाचे अर्ज लटकलेले असतात, काहींचे नातेवाईक अजून धोक्यात असतात. फोनमधलं लोकेशन बंद करूनच फोटो घ्यायचे, आणि घराचा नंबर, शाळेचं नाव, गाडीची पाटी दिसत असेल तर तो फोटो वर्गाबाहेर जात नाही. काही सोमाली घरांत मुलींचे चेहऱ्याचे फोटो चालत नाहीत. आमच्याकडे अशा एका मुलीने हिवाळाभर फक्त बर्फावरच्या सावल्या टिपल्या, आणि त्या वर्षी वर्गातलं सगळ्यात चांगलं काम तिचंच होतं.

खाऊ जास्त न्या. ही मुलं धाकट्या भावंडांना सोबत घेऊन येतात, कारण आईवडील शनिवारीही कामावर असतात. आमच्याकडे पाच वर्षांची एक पाहुणी यायची. तिला गप्प बसवायला मी बॅटरी मेलेला कॅमेरा दिला होता. चार शनिवार ती मन लावून फोटो काढत होती. पाचव्या शनिवारी सगळ्यांचे प्रिंट जमिनीवर पसरले, तिने सगळीकडे फिरून पाहिलं आणि माझ्यासमोर उभी राहून विचारलं, माझे कुठे आहेत? तेव्हापासून एक जादा बॅटरी चार्ज करून पिशवीत असते. तुम्हीही ठेवा.