खेळाडूची 'कारकीर्द' की 'करिअर'?

स्पेनच्या महिला हँडबॉल संघातून खेळलेली गोलरक्षक सिल्व्हिया नावारो हिच्यावर तुम्ही मराठीत लेख लिहिताय आणि घोडं पहिल्याच वाक्याला अडलंय. मूळ स्पॅनिश मजकुरातल्या 'कार्रेरा' या शब्दासाठी तुम्ही 'कारकीर्द' लिहिलंत. मैत्रीण म्हणाली, कारकीर्द राजाची, पेशव्यांची, फार तर एखाद्या मंत्र्याची. खेळाडूचं ते 'करिअर'. दोघींपैकी बरोबर कोण, असा तुमचा प्रश्न आहे.

तुम्ही बरोबर आहात. पण मैत्रिणीच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि ते नीट समजून घेतलं तर तुमच्या लेखातली आणखी दोनतीन वाक्यं सुधारतील.

'कारकीर्द' फारसीतून आली. 'कार' म्हणजे काम आणि 'कर्द' म्हणजे केलं. कारभार, कारखाना, कारागीर या शब्दांतला 'कार' तोच. 'कारकून' म्हणजे काम करणारा. त्यातला 'कुन'ही त्याच 'करणे' क्रियापदाचा. व्यापाऱ्यांच्या वहीला आपण 'कीर्द' किंवा 'रोजकीर्द' म्हणतो, तिच्यातही हाच 'कर्द' आहे: आज काय झालं, काय केलं, त्याची तारीखवार नोंद. मला हा धागा फार आवडतो. शब्दाच्या पोटात राज्य नाही, सत्ता नाही. केलेलं काम आहे.

मग राजा कुठून आला? दरबारी आणि दप्तरी मराठीतून. ज्याच्या हाती कारभार, त्याच्या कामाचा काळ तो त्याची कारकीर्द. 'नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजचं पाणी पुण्यात आलं' हे वाक्य घ्या. पाणी आणण्यासाठी खपले ते गवंडी आणि मजूर, पण काळ मोजला गेला पेशव्यांच्या नावानं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला हा शब्द पहिल्यांदा याच अर्थानं भेटतो, म्हणून तुमच्या मैत्रिणीच्या कानात तो असा पक्का बसला असणार. पुढे तो मुख्याध्यापकांना लागला, न्यायाधीशांना लागला, नटांना आणि गायकांना लागला. खेळाच्या पानावर तर तो आता इतका रुळलाय की १९८९ ते २०१३ या सचिन तेंडुलकरांच्या चोवीस वर्षांना 'कारकीर्द' म्हटलं तर कुणाचीही भुवई उंचावत नाही.

मात्र जुना अर्थ मेलेला नाही. तो षष्ठीच्या प्रत्ययात दबा धरून बसलाय, आणि तुमच्या मसुद्यात नेमकी तिथेच गफलत झालीय. तुम्ही लिहिलंय: 'नावारोच्या कारकिर्दीत स्पेनला पाच पदकं मिळाली.' हे वाचून क्षणभर वाटतं की नावारो संघाची प्रशिक्षक होती किंवा हँडबॉल महासंघाची अध्यक्ष. 'अमक्याच्या कारकिर्दीत तमक्याला काही मिळालं' अशी रचना केली की मराठी कान लगेच कारभाऱ्याच्या अर्थाकडे वळतो. त्याऐवजी 'नावारोने कारकिर्दीत स्पेनकडून पाच पदकं जिंकली' असं करा. कर्ता आणि कारकीर्द एकाच व्यक्तीची झाली की राज्याचा अर्थ आपोआप गळून पडतो.

जुना अर्थ हवा असेल तर त्याच लेखात त्याला हक्काची जागा आहे. होर्खे दुएन्यास २००७ ते २०१७ या काळात या संघाचे प्रशिक्षक होते. 'दुएन्यास यांच्या कारकिर्दीत स्पेनला चार पदकं मिळाली' हे वाक्य अगदी पेशवाई वळणाचं आणि अगदी बिनचूक. २००८ च्या युरोपीय स्पर्धेत रौप्य, २०११ च्या विश्वस्पर्धेत कांस्य, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१४ च्या युरोपीय स्पर्धेत पुन्हा रौप्य. पाचवं पदक, २०१९ च्या विश्वस्पर्धेतलं रौप्य, आलं तेव्हा प्रशिक्षक कार्लोस व्हिवेर होते. ते व्हिवेर यांच्या कारकिर्दीतलं आणि नावारोच्याही कारकिर्दीतलं. एकाच पदकाला हा शब्द दोन बाजूंनी दोन अर्थांनी लागतो. म्हणून तर मी हा शब्द सोडू नका म्हणतो.

आता 'करिअर'. तो शब्द मी टाकाऊ मानत नाही. त्याचं काम वेगळं आहे. करिअर निवडतात, बदलतात, सोडतात, 'हँडबॉलमध्ये करिअर करायचंय' असं सोळाव्या वर्षी आईवडिलांना सांगतात. 'दहावीनंतर करिअर कोणतं?' हे ठीक, पण 'दहावीनंतर कारकीर्द कोणती?' असं कुणी विचारत नाही. करिअर करायचं असतं, पुढे पाहून. कारकीर्द होते, आणि बऱ्याचदा मागे वळून पाहताना दिसते. म्हणूनच कारकीर्द गाजते, बहरते, लांबते, संपुष्टात येते. तिला पूर्वार्ध-उत्तरार्ध असतो. वयाच्या चाळिशीत विश्वस्पर्धेची अंतिम लढत खेळलेल्या बाईबद्दल लिहिताना मला तरी 'करिअर' हा शब्द तोकडा वाटतो.

ती लढत १५ डिसेंबर २०१९ ला जपानमध्ये, कुमामोतोला झाली. नेदरलँड्सने स्पेनला ३०-२९ असं हरवलं, तेही अगदी शेवटच्या क्षणी मिळालेल्या सात मीटरच्या पेनल्टीवर. गोलरक्षक उभी असते ती तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच चौकटीपुढे. अशा वेळी काय होईल ते समोरच्या एका फेकीवर. त्या दिवसाच्या खेळाला काय म्हणायचं? 'कामगिरी'. एका सामन्याची, एका स्पर्धेची ती कामगिरी; अशा कामगिऱ्यांची वर्षानुवर्षं भरत गेलेली वही म्हणजे कारकीर्द. तुम्ही एका ठिकाणी लंडनच्या कांस्यपदकाच्या लढतीला 'उत्कृष्ट कारकीर्द' म्हटलंय, तिथे 'कामगिरी' करा. (ती लढत मात्र सविस्तर लिहाच. दक्षिण कोरियाविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळावा लागला आणि स्पेन ३१-२९ जिंकलं.)

स्पॅनिश 'कार्रेरा'कडे येतो. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या गाड्याच्या नावात आहे. गाडा जातो ती वाट ती कार्रेरा. त्यावरून धावणं, शर्यत, विद्यापीठातला अभ्यासक्रम आणि माणसाची कारकीर्द, एवढे अर्थ आज त्यात नांदतात. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला 'करिअर' याच शब्दाचा भाऊबंद. म्हणजे त्यांच्याकडे आयुष्य वाटेवरून धावतं, आणि आपल्याकडे ते कामातून उभं राहतं. गंमत अशी की आजच्या इराणात 'कारकर्द' म्हणजे कामगिरी, कार्यक्षमता. पण जुनी मोटार विकायला काढली की ती किती किलोमीटर धावलीय, त्यालाही 'कारकर्द'च म्हणतात. गाड्याच्या वाटेवरून निघालेला शब्द माणसाच्या कामाला लागला, आणि कामाचा शब्द गाडीच्या धावेला. दोघं असे एकमेकांच्या दारात जाऊन उभे राहिले.

दाराचा विषय निघालाच आहे, तर गोलरक्षक बाईला स्पॅनिशमध्ये 'पोर्तेरा' म्हणतात, आणि इमारतीच्या दाराशी बसणाऱ्या बाईलाही पोर्तेराच. तुमच्या लेखात 'द्वाररक्षक' असा शब्द एकदा आलाय, तो यातूनच आला असावा. 'गोलरक्षक' पुरे.

'आंतरराष्ट्रीय' या विशेषणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तिथे वाचक फसेल. स्पॅनिशमध्ये 'इंतेरनाथ्योनाल' हे नामही आहे: देशाच्या संघातून खेळलेली व्यक्ती. मराठीत 'आंतरराष्ट्रीय कारकीर्द' वाचल्यावर परदेशातल्या क्लबांकडून खेळलेली, असंही वाटू शकतं. नावारो ज्या रोकासा क्लबकडून खेळायची तो ग्रान कनारिया बेटावरच्या तेल्दे गावचा. त्याने २०१६ आणि २०१९ मध्ये युरोपातला चॅलेंज कप जिंकला. सामने देशोदेशींचे, तरी ती तिची क्लबची कारकीर्द. म्हणून पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'राष्ट्रीय संघातली कारकीर्द' लिहा; एकदा अर्थ ठरला की पुढे 'आंतरराष्ट्रीय' चालेल.

लेखनाचं एवढंच: मूळ शब्दात की दीर्घ, 'कारकीर्द', प्रत्यय लागला की र्‍हस्व, 'कारकिर्दीत', 'कारकिर्दीला'. तुमच्या मसुद्यात दोन्हीकडे दीर्घ आहे. 'हँडबॉलपटू' बरोबर आहे, 'पटू' स्त्रीपुरुष दोघांनाही लागतो. 'महिला हँडबॉलपटू' असं प्रत्येक वाक्यात लिहायची गरज नाही, क्रियापद सांगतंच.

तुमचं पहिलं वाक्य मी असं करीन: 'व्हॅलेन्सियात १९७९ साली जन्मलेल्या सिल्व्हिया नावारोने स्पेनच्या राष्ट्रीय संघातल्या कारकिर्दीत पाच पदकं जिंकली, पहिलं एकोणतिसाव्या वर्षी, शेवटचं चाळिसाव्या.'