पट कमी म्हणून जिल्हा परिषदेची शाळा वाईट असते का? (माढा तालुका)

नाही. पट आणि शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पट घसरतो तो बहुतेकदा दारात येणाऱ्या पिवळ्या बसमुळे आणि 'इंग्लिश मीडियम'च्या पाटीमुळे. आपल्याच तालुक्यातली परितेवाडीची शाळा बघा. साधी जिल्हा परिषदेची, तरी तिथल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

खरी अडचण शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे चार वर्ग दोघांत, त्यातला एक जण माहिती भरण्यात नाहीतर बैठकीला. त्यामुळे आपण मुलं काढली की शिक्षक कमी होतात आणि उरलेल्या मुलांचे हाल होतात, हे मला फार लागतं.

प्रवेशाआधी एकदा अकराच्या सुमारास शाळेत जा. तिसरीतल्या पोराला दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला सांगा, पाटीवर 52 वजा 27 द्या. माझ्या मुलीच्या वर्गात एकानं हातचा घेऊन, बोटं न मोजता केलं, तेव्हाच मी तिचं नाव घातलं. वह्या उघडून तपासणीच्या तारखाही बघा. इमारतीच्या रंगावर जाऊ नका.