कोसला वाचून पोरगं बिघडलं म्हणे

"मॅडम, त्या कोसलाने माझं पोरगं बिघडवलं, आणि लिहिणारा पण आमच्याच भागातला निघाला बघा!" खानदेशातले एक केळी बागायतदार सांगत होते. मुलगा २६ वर्षांचा, पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करत होता, आणि एक दिवस फोन करून म्हणाला की बास आता, मी गावाला येतोय. (दोघांना विचारूनच लिहितेय, ओळखीच्या खुणा बदलल्यात.) माझ्याकडे समुपदेशनाला असे आईवडील खूप येतात, फक्त पुस्तकाच्या जागी कधी मित्र असतो तर कधी मोबाईल.

मी आधी पुस्तकाचा विषयच काढला नाही. मुलाला एकट्याला बसवून झोप, जेवण, मरावंसं वाटतं का असं सगळं सरळ विचारलं, विचारल्याने तसला विचार डोक्यात येतो वगैरे काही नसतं. तो विचार नव्हता, पण झोप पार उडालेली, अभ्यासिकेत रात्री दोनपर्यंत त्याच पानावर बसायचा आणि मेसचा डबा अर्धा परत जायचा. म्हणून आधी सायकियाट्रिस्टकडे पाठवलं.

मग कोसला. "पांडुरंग सांगवीकर म्हणजे मीच," म्हणाला. नेमाड्यांची १९६३ ची कादंबरी, गावचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, तिथल्या चालीने चालणं त्याला जमत नाही, परीक्षेत आपटतो आणि घरी परततो. मी विचारलं, बरं, परतल्यावर काय होतं? तर गप्प. कारण गावातही पांडुरंगाचं बस्तान बसत नाही, बापाशी पटत नाही ते नाहीच. मला ती कादंबरी त्यासाठीच आवडते, गावी गेलं की सगळं छान असं ती कुठे म्हणतच नाही. म्हटलं, हे नको ते कळलं तुला, पण हवंय काय?

बरेच दिवस खांदे उडवायचा. मग एकदा केळीच्या भावावर घसरला, की जाहीर भाव एक आणि बांधावर व्यापारी देतो दुसराच, वडील वहीत रास किती निघाली तेवढंच लिहितात, खर्च कुठेच नाही, आणि हे सांगताना पोरगं खुर्चीत पुढे सरकून बसलं होतं.

वडिलांचं मात्र एकच, खुल्या गटाला ३८ पर्यंत वय चालतं, अजून बारा वर्षं आहेत, आणि लोक काय म्हणतील. म्हटलं दादा, त्या लोकांची नावं लिहा कागदावर. दोन चुलते, एक साडू आणि सोसायटीचे चेअरमन. त्यातले एक चुलते वारलेले आहेत, हे लिहून झाल्यावर त्यांनाच आठवलं आणि हसले.

सध्या मुलगा गावी आहे, गोळ्या चालू आहेत, वर्षभरासाठी बागेचा हिशोब त्याच्याकडे दिलाय, पुढचं वर्षाने बघायचं असं दोघांनी ठरवलंय. वडील विचारणाऱ्यांना अजून "सुट्टीवर आलाय" असंच सांगतात आणि पोराचं डोकं फिरतं, पुढच्या सेशनला तोच विषय घेऊन दोघं येणारेत.