कृष्णेच्या उगमाजवळचे रिसॉर्ट आणि सील झालेली इमारत

प्रश्न : मी मिरजेचा रहिवासी असून बँकेतून निवृत्त झालो आहे. क्षेत्र महाबळेश्वरला जाऊन कृष्णाबाईच्या जुन्या मंदिरात कृष्णामाईची ओटी भरावी, अशी माझ्या आईची इच्छा होती. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाचे निमित्त साधून माझ्या पुण्याच्या मुलाने एका अ‍ॅपवरून तेथील आलिशान रिसॉर्टमध्ये दोन रात्रींसाठी चार खोल्या घेतल्या आणि माझ्या खात्यातून १,०८,५६० रुपये आगाऊ भरले. ‘मंदिरापासून तीनशे मीटर, व्हरांड्यातून मंदिराचे दर्शन’ अशी जाहिरात होती. गेल्या जानेवारीत आम्ही संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा मंदिराकडची इमारत प्रशासनाने सील केल्याचे कळले. पाचगणीच्याही पुढे असलेल्या त्यांच्या दुसऱ्या जागेत जा, असे आम्हाला सांगण्यात आले. आई चाकांच्या खुर्चीवर असल्याने आम्ही नकार दिला. तेव्हा जमा केलेली आधार कार्डे परत देण्यापूर्वी ‘स्वखुशीने बुकिंग सोडत आहोत’ अशा कागदावर माझी सही घेण्यात आली. त्या रात्री लॉजवर ९,६०० रुपये खर्च झाले. आता रिसॉर्ट ‘नॉन-रिफंडेबल’ अट दाखवून तीस टक्क्यांचे व्हाउचर देऊ करते, अ‍ॅपवाले आपण केवळ मध्यस्थ असल्याचे सांगतात, आणि वाद फक्त मुंबईतच चालेल अशीही अट आहे. पोलिसांत फिर्याद द्यावी काय?

उत्तर : आपल्या पत्रात चार-पाच अटींचा उल्लेख आहे, पण प्रकरणाचा कणा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. ती इमारत कोणत्या तारखेला सील झाली आणि आपल्या मुलाने पैसे कोणत्या तारखेला भरले, या दोन तारखांचा क्रम लावल्याशिवाय फिर्यादीचा निर्णय घेऊ नये. इमारत आधीच सील झालेली असताना बुकिंग घेतले असेल, तर देता न येणारी वस्तू दिली जाईल असे भासवून पैसे घेतले असा अर्थ होतो. तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीचा विचार करता येईल, कारण त्या गुन्ह्यात आरंभीचा अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. सील नंतर लागले असेल, तर फिर्याद बहुधा ‘दिवाणी स्वरूपाचा वाद’ या शेऱ्यानिशी परत येईल आणि समोरच्याला आपल्याविरुद्ध दाखवायला उगाच एक कागद मिळेल. ही तारीख मिळवण्यासाठी महाबळेश्वर तहसील कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करून सील करण्याचा आदेश व पंचनामा यांच्या प्रती मागाव्यात. अर्जाचे शुल्क १० रुपये असून उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे, आणि आदेश दुसऱ्या कार्यालयाचा असल्यास अर्ज तिकडे वर्ग करणे तहसील कार्यालयावर बंधनकारक आहे.

मात्र त्या उत्तरासाठी ग्राहक तक्रार अडवून ठेवण्याचे कारण नाही. सील नंतर लागले असे धरले, तरी पाहुणे दारात येईपर्यंत त्यांना न कळवणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(११) प्रमाणे सेवेतील त्रुटीच आहे. ‘नॉन-रिफंडेबल’ ही अट ग्राहक स्वतःहून येणे रद्द करतो तेव्हासाठी असते. ठरलेली खोली देण्यास रिसॉर्टच असमर्थ ठरले असताना तिचा आधार घेता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतील नियम ६ प्रमाणे, जाहिरातीत सांगितलेली वैशिष्ट्ये नसलेल्या सेवेचे पैसे परत करण्यास अशा अ‍ॅपवरील विक्रेत्याला (येथे रिसॉर्टला) नकार देता येत नाही. जाहिरातीतील ‘आलिशान’, ‘स्वर्गीय’ अशा विशेषणांकडे ग्राहक आयोग फारसे लक्ष देत नाही, आणि देऊही नये. परंतु ‘तीनशे मीटर’ आणि ‘व्हरांड्यातून दर्शन’ ही मोजता येणारी, पडताळता येणारी विधाने आहेत. तक्रारीत त्यांच्यावरच बोट ठेवावे. ते पान अजून अ‍ॅपवर असेल तर आजच त्याच्या प्रतिमा काढून ठेवाव्यात आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह दाखल कराव्यात.

मुंबईच्या अटीने घाबरून जाऊ नये. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, आणि कलम १०० प्रमाणे हा उपाय इतर कायद्यांतील उपायांच्या जोडीचा आहे. त्यामुळे आपल्याला सांगलीचा जिल्हा आयोग खुला आहे. साताऱ्यालाही खेटे घालावे लागणार नाहीत. बुकिंग मुलाच्या नावावर असले तरी पैसे आपले होते आणि सेवा आपल्या कुटुंबासाठी होती. ‘ग्राहक’ या व्याख्येत सेवेचा लाभार्थीही येतो. तरीही तांत्रिक हरकतीला जागा उरू नये म्हणून मुलाला सहतक्रारदार करावे आणि खात्याचा उतारा जोडावा. एक सावधगिरी मात्र बाळगावी. अनेक वकील अशा तक्रारीत ‘अनुचित करार’ (ग्राहकावर अन्याय्य अटी लादणारा करार) हे शब्द उत्साहाने घालतात. त्या मुद्द्यावरील तक्रार ऐकण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्हा आयोगाला नाही. आपली तक्रार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढ्यापुरतीच ठेवावी, म्हणजे ती सांगलीतच राहील.

आपल्या बाजूचा सर्वांत दुबळा दुवा म्हणजे तो सही केलेला कागद. अशी सही झाली म्हणजे हक्क संपला असे होत नाही. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली असे म्हटले आहे की, फसवणूक किंवा गैरवाजवी दडपण दाखवता आल्यास पूर्ण व अंतिम रकमेच्या पावतीवरील सही तक्रारीच्या आड येत नाही. पण दडपण दाखवण्याचा भार आपल्यावर आहे, आणि सहीनंतर महिनोन्‌महिने मौन बाळगले असेल तर ते आपल्याविरुद्ध जाते. म्हणून ओळखपत्रे अडवून ठेवल्याचा तपशील, वेळ आणि तेव्हा हजर असलेल्या नातेवाइकांची नावे लिहून, ती सही अमान्य असल्याचे रिसॉर्टला व अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला ताबडतोब ईमेलने व नोंदणीकृत टपालाने कळवावे. अ‍ॅपच्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात द्यायचे असते. त्याने ते न केल्यास ‘आम्ही मध्यस्थ’ हा त्यांचा बचाव बराच कमकुवत होतो, म्हणून अ‍ॅपलाही विरुद्ध पक्षकार करावे.

इमारतीच्या कायदेशीरपणाविषयीही आपण संतापाने लिहिले आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र ठरलेला आहे, आणि पुरातन मंदिरांलगतच्या बांधकामांकडे न्यायालये कठोरपणे पाहतात. हम्पीजवळच्या विरुपापूर गड्डी येथील रिसॉर्ट पाडण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये कायम केला. पण तो लढा वेगळा आहे. बांधकामाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे स्वतंत्रपणे करावी. ग्राहक तक्रारीत ती मिसळली तर आपल्या पैशांचा साधा प्रश्न नकाशे आणि परवान्यांच्या वादात अडकेल.

मागणीत भरलेली रक्कम, लॉजचे ९,६०० रुपये, दोन्हींवर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च येतो. पावती नसलेला खर्च घालू नये, आणि मानसिक त्रासापोटी दहा-पंधरा लाख मागण्याचा मोहही आवरावा. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीचे शुल्क लागणार नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस आणि आयोगाने दिल्यास आणखी १५ दिवस मिळतात, त्यापुढे नाही. आयोगाने मध्यस्थी सुचवली आणि रिसॉर्टने पूर्ण रक्कम रोख देऊ केली, तर आपल्या आईंचे वय पाहता ती स्वीकारावी, असे मी सुचवेन.

तोपर्यंत ते व्हाउचर वापरू नये, ‘स्वीकारा’ हे बटण दाबू नये आणि ईमेलला ‘धन्यवाद’ असे सौजन्याचे उत्तरही देऊ नये. आईंचे प्रतिज्ञापत्र मात्र आताच करून घ्यावे. दारातून परत फिरावे लागले तेव्हा काय घडले, हे त्यांच्याच शब्दांत असावे, आणि त्यांना चालणे कठीण असल्याने नोटरींना घरीच बोलावून घ्यावे.