कुलदैवताला जोडीनं गेलीस, आता बदामीला एकटी जाऊन ये

सोलापूरच्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मैत्रिणीचं पत्र आलंय, वय ४४. ती लिहिते, "ताई, आमचं कुलदैवत बनशंकरी. लग्नाला वीस वर्षं झाली, तेवढ्यात चारदा जाऊन आले पण बदामीची लेणी एकदाही बघितली नाहीत. ओटी भरायची, नैवेद्य दाखवायचा, जेवायचं की गाडी परत. पोरं कंटाळतात, सासूबाईंचे गुडघे दुखतात, ह्यांना दगड बघायची आवड नाही. मी दरवर्षी फळ्यावर चालुक्य राजा पुलकेशी लिहिते आणि त्याचं गाव बघितलेलं नाही. यंदा म्हटलं दोन दिवस एकटी जाऊन येते, तर हे नाही म्हणाले नाहीत पण 'कुणीतरी सोबत बघ' म्हणाले. सासूबाई म्हणाल्या लोकांना वाटेल घरात भांडण झालंय. आता मलाच भीती वाटायला लागलीय. मी स्वार्थी आहे का?"

अगं नाही, अजिबात नाही. तू माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेस म्हणून अगंतुगंच करते. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि 'जेवायचं की गाडी परत' हे वाचताना घशात आवंढा आला, कारण बनशंकरीपासून बदामी गाव जेमतेम पाच किलोमीटरवर आहे. वीस वर्षं पाच किलोमीटर राहून गेले तुझे.

आधी त्या "कुणीतरी सोबत बघ"चं बघू. तुझे मिस्टर वाईट माणूस नाहीत, त्यांना काळजी आहे आणि ती कशी बोलून दाखवायची ते कळत नाहीये. पण तू त्यांना विचारलंस "जाऊ का?" आणि असं विचारलं की समोरचा आपोआप अडचणी शोधायला लागतो, कुणीही लागेल. त्याऐवजी तिकीट, खोली, कुठल्या दिवशी कुठे असणार हे सगळं एका कागदावर लिही, फ्रीजवर लाव आणि सांग की अमुक तारखेला जातेय, तमुकला संध्याकाळी परत, डबा कोण करणार ते तुम्ही ठरवा. माणसाला काळजी वाटते ती अंधुक गोष्टीची, गाडीचा नंबर आणि लॉजचा फोन हातात आला की निम्मी कमी होते. सासूबाईंनाही तसंच सरळ सांग की कुलदैवताला जोडीनं चारदा गेले, पुढेही जाऊच, ही खेप लेण्यांची आहे आणि देवीला तुमच्या नावानं नारळ वाढवून येते. लोकांना काय वाटायचं ते वाटू दे, चार दिवसांत त्यांना दुसरा विषय मिळतो.

आता भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, बाईला जपूनच राहावं लागतं हे आपल्या दोघींनाही माहितीये. पण तुझी भीती जरा सुटी करून बघ, कशाची आहे नक्की? मी पहिल्यांदा एकटी बदामीला गेले तेव्हा ४८ वर्षांची होते. एका लॉजवर काउंटरवरच्या माणसानं रजिस्टर पुढे सरकवलं आणि विचारलं, "साहेब मागून येतायत का?" मी म्हटलं नाही, मी एकटीच आहे, तर त्यानं पेन हातातच धरून ठेवलं, खाली ठेवेना की देईना. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच कारणं द्यायला लागले, शाळेचं काम आहे वगैरे. खोली मिळाली पण रात्रभर वाईट वाटत राहिलं, त्याच्या प्रश्नाचं नाही, मी खोटं बोलले त्याचं. तेव्हापासून मी कारण देत नाही. "एकच व्यक्ती, दोन रात्री" एवढंच सांगायचं आणि गप्प राहायचं, समोरचा लिहून घेतो.

म्हणून खोली आधीच बुक कर, मेन रोडवर, जिथे फॅमिली उतरतात तिथे. कर्नाटक पर्यटन महामंडळाचं मयूर चालुक्य बदामीतच आहे, तिथे चौकशी कर. खोलीत गेल्यावर आधी कडी आणि खिडकी बघायची, पटली नाही तर तिथल्या तिथे दुसरी खोली मागायची, संकोच करायचा नाही. गाडी अशी बघ की उजेडात पोचशील. सोलापूर-गदग लाईनवरच बदामी आहे, विजापूर, बागलकोट करत जाते, गाडी बदलायची भानगड नाही. स्टेशन गावापासून लांब आहे, पाचेक किलोमीटर, म्हणून रात्री उतरू नकोस. रिक्षात बसायच्या आधी नंबरप्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाक, लाईव्ह लोकेशन चालू ठेव, पॉवर बँक घे, थोडी कॅश जवळ ठेव. इमर्जन्सीला ११२ आणि रेल्वेत १३९, दोन्ही आत्ताच सेव्ह कर. आणि बाथरूम मिळेल का या धास्तीनं पाणी पिणं बंद करू नकोस, आपण बायका हे हमखास करतो आणि मग दुपारी डोकं धरतं. तिकीट काउंटरजवळ सोय बघून घ्यायची, जाऊन यायचं, मग पायऱ्या चढायच्या. कर्नाटकात २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही हे तू ऐकलं असशील, पण ते तिथल्या रहिवाशांना, आपल्याला काढावं लागतं.

लेण्यांकडे सकाळी उघडल्या उघडल्या जा. हातात खायचं काही नको, माकडं ओढून नेतात, पिशवीसुद्धा. पहिल्याच लेण्याबाहेर अठरा हातांचा नटराज आहे, तिथे घाई करू नकोस. तिसरं लेणं सगळ्यात मोठं, त्यात शेषावर बसलेला विष्णू आहे आणि शके ५०० चा म्हणजे इ.स. ५७८ चा लेख आहे, मंगलेशानं कोरवलेला, तो तुझ्या दुसऱ्या पुलकेशीचा काका. तिथून खाली अगस्त्य तळं दिसतं. मी गेले तेव्हा पलीकडच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या, धोपटणं दगडावर आपटलेलं आधी दिसायचं आणि आवाज मागून यायचा, मग तोच आवाज कड्यावर आपटून पुन्हा. मी तासभर नुसती बसून ऐकत होते. "चला आता" म्हणणारं कुणी नव्हतं. तुला सांगते, मला एकटीनं जायची गोडी लागली ती त्या तासाला. पलीकडच्या उत्तरेकडच्या किल्ल्यावर जाणारी वाट मात्र कड्याच्या अरुंद फटीतून आहे, तिथे सकाळी, बाकीचे लोक चढत असताना जा, संध्याकाळी एकटी नको.

दुसऱ्या दिवशी हॉटेलातूनच दिवसभराची रिक्षा ठरव, पट्टदकल आणि ऐहोळे, दोन्ही चालुक्यांच्या देवळांची गावं. पट्टदकल २२ किलोमीटर आहे. तिथलं विरूपाक्षाचं मोठं देऊळ लोकमहादेवी राणीनं बांधलंय, तिचा नवरा, चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा, कांची जिंकून आला त्याची आठवण म्हणून, साधारण ७४० मध्ये, आणि शेजारचं मल्लिकार्जुनाचं तिच्याच बहिणीनं, त्रैलोक्यमहादेवीनं, तीही त्याचीच राणी. दोघींची देवळं एकमेकींना लागून उभी आहेत. नववीच्या पोरींना हे सांगशील तेव्हा बघ कशा ऐकतात. ऐहोळ्याला मेगुती टेकडीवर चढच, तिथे पुलकेशीच्या दरबारातला कवी रविकीर्ती याचा ६३४ चा शिलालेख आहे, पुलकेशीनं केलेला हर्षवर्धनाचा पराभव त्यातलाच आणि तीन महाराष्ट्रक, नव्व्याण्णव हजार गावं तीही त्यातच. इतकी वर्षं पुस्तकातून शिकवलंस, आता अक्षरं समोर बघ.

बनशंकरीला जाशीलच. देवळाबाहेर इरकली लुगडी नेसलेल्या बायका टोपल्या घेऊन बसतात, तू बघितल्या असशील पण घरच्यांच्या नैवेद्याच्या गडबडीत त्यांच्याकडे जेवली नसशील. मी जेवले. बाईनं फडकं सोडलं, कडक ज्वारीची भाकरी, त्यावर भरल्या वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि छोट्या मडक्यातलं दही. "ओब्बरे बंदिरा?" म्हणाली, एकट्याच आलात का. मी होय म्हटलं. तिनं दह्याचं आणखी एक मडकं पुढे सरकवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. लॉजवरच्या माणसाचा आणि तिचा, प्रश्न तोच होता बघ. तुला तर सोलापुरात राहून थोडंफार कानडी येत असणार, तुझ्या गप्पा माझ्यापेक्षा जास्त होतील.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, उन्हाळ्यात तो तांबडा दगड भाजून काढतो. फक्त पौष पौर्णिमेला बनशंकरीची जत्रा भरते, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. म्हणून आज शाळेतून आलीस की कॅलेंडर काढ, जत्रेचे दिवस आणि तुझ्या सहामाहीचे पेपर तपासायचे दिवस सोडून दोन तारखांवर गोल कर आणि तिकीट काढूनच घरी सांग.