इको, सिटी, स्पोर्ट: मोड बदलला की गाडीत नेमकं काय बदलतं?

तुमचा प्रश्न असा आहे: नव्या टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक गाडीत इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड आहेत. स्पोर्टमध्ये ताकद वाढते का, आणि कायम इकोवर चालवली तर ॲव्हरेज वाढेल का?

आधी ताकदीचं. बहुतेक गाड्यांत स्पोर्टमुळे इंजिनाची कमाल ताकद वाढत नाही. हल्ली एक्सलरेटरपासून इंजिनापर्यंत केबल जात नाही. पेडलवरचा सेन्सर पाय किती दाबला ते ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला कळवतो आणि इंजिनाकडून किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घ्यायचा ते ईसीयू ठरवतो. पेडल अर्धं दाबलं तर इकोमध्ये तो कमी घेतो, स्पोर्टमध्ये जास्त. पेडल पार तळाला नेलं की सहसा फरक उरत नाही. मात्र काही टर्बो गाड्यांत इकोमध्ये टॉर्कवरच मर्यादा घातलेली असते. इलेक्ट्रिक गाड्यांतही इकोमध्ये मोटरची ताकद बऱ्याचदा खरोखर कमी केलेली असते. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

ऑटोमॅटिकमध्ये जास्त फरक पडतो तो गिअरबॉक्समुळे. इकोमध्ये गिअर लवकर वर जातात आणि खाली यायला वेळ लावतात. स्पोर्टमध्ये गाडी खालच्या गिअरवर थांबते, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढा राहतो, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) तयार असतो, म्हणून पिकअप लगेच मिळतो. पेट्रोलही तिथेच जास्त जातं. याउलट सपाट हायवेवर ८०च्या स्थिर वेगाने, एकाच टॉप गिअरमध्ये चालला असाल तर इको आणि सिटीत जवळपास काहीच फरक पडत नाही, कारण गाडी पुढे ढकलायला लागणारी ताकद तेवढीच असते. तिथे ॲव्हरेज ठरतं वेगावर: १००वरून १२०वर गेलात की हवेचा अडथळा सुमारे ४४ टक्क्यांनी वाढतो. तो कोणताही मोड कमी करू शकत नाही.

इकोचा खरा फायदा सिग्नल-ते-सिग्नल रहदारीत होतो. पाय जड असेल तर इको त्याला आवर घालतो. पाय आधीच हलका असेल तर फायदा थोडाच. काही गाड्यांत इको एसीच्या कॉम्प्रेसरलाही विश्रांती देतो, पण मे महिन्यात आत उकडायला लागलं की आपण तापमान एकदम खाली आणतो आणि ती बचत तिथेच संपते.

घाटात मात्र मी इको वापरू नका असंच सांगेन. कुंभार्ली घाटासारख्या दोन पदरी चढावर, गाडीत पाच माणसं आणि डिकी भरलेली असताना, इको वरचा गिअर धरून बसतो. इंजिन कमी आरपीएमवर धापा टाकतं, तुम्ही पेडल आणखी दाबता, टर्बोवर भार येतो. अशा भाराखाली नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक) टाळायला ईसीयू स्पार्क थोडा उशिरा देतो, काही इंजिनांत मिश्रणात पेट्रोलही वाढवतो. म्हणजे ॲव्हरेज गेलं आणि पिकअपही नाही. पुढे ट्रक असेल तर ओव्हरटेकच्या आधी, त्याच्या मागे असतानाच स्पोर्टमध्ये या, गिअर खाली आल्याचं आरपीएमच्या काट्यावर दिसू द्या, मगच बाहेर निघा. बाहेर निघाल्यावर बटण शोधायची वेळ आली तर पेडल तळाशी दाबा. किकडाउनने गिअर खाली येतात, पण मधला सेकंदभर गाडी ढिम्म असते आणि समोरच्या लेनमध्ये तो सेकंद फार मोठा असतो.

उतारावर काही गाड्या इकोमध्ये पाय उचलताच गिअरबॉक्स मोकळा सोडतात. मग इंजिन ब्रेकिंग, म्हणजे इंजिनाच्या रोधाने वेग आवरणं, मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. अशा वेळी मॅन्युअल मोड किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने दुसरा-तिसरा गिअर धरा. पेट्रोलची काळजी नको: गाडी गिअरमध्ये असताना आरपीएम पुरेसा असेल आणि पाय एक्सलरेटरवरून पूर्ण काढला असेल तर इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. उतारावर न्यूट्रल करणारे उलट आयडलिंगचं पेट्रोल जाळतात आणि जीवही धोक्यात घालतात.

पहिल्या पावसात रस्ता निसरडा असतो तेव्हा स्पोर्ट नको. पेडल तिखट झालेलं असतं, थोड्या दाबातही चाक फिरतं.

तुमच्या गाडीत इकोने किती वाचतं हे डॅशबोर्डच्या आकड्यावरून ठरवू नका. एकाच पंपावर नॉझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, रोजच्या रस्त्यावर किमान ४०० किमी चालवा आणि पुन्हा तसंच भरा. ४२० किमीला २८ लिटर लागलं तर ॲव्हरेज १५. मग दुसऱ्या मोडवर तेच करा. दोन्ही वेळा टायरची हवा गाडी थंड असताना तपासलेली हवी. तापलेल्या टायरमध्ये दाब काही पीएसआयने जास्त दिसतो आणि तुम्ही उगाच हवा कमी करून बसाल.

आणखी एक पाहून ठेवा: अनेक गाड्या बंद करून पुन्हा चालू केल्या की मोड आपोआप सिटी किंवा नॉर्मलवर येतो, काहींत शेवटचा मोड कायम राहतो. टाकीचा हिशेब करताना हे माहीत नसेल तर मापलेलं ॲव्हरेज नेमकं कोणत्या मोडचं, हेच कळणार नाही.